नव्वद व्होल्टची वायर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलोय. राहतो शिरूरला, रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. करंट असला तर मशीन चालतं, नसला तर नाही... एवढंच माझं अध्यात्म.

छंद एकच — गावात वीज नव्हती तेव्हाचे, बॅटरीवर चालणारे काचेच्या व्हॉल्व्हचे रेडिओ जमवायचे. बायको, सुनंदा, वैतागायची. "त्या खोक्यांशीच लगीन लावायचं व्हतं!" गेल्या वर्षी श्रावणात ती घरात कोसळली, तेव्हा मी दौंडला रफिकमामा मेकॅनिककडून असाच एक सेट आणायला गेलो होतो. अर्धांगवायू. वाचाच गेली. आठ दिवस दवाखान्यात माझा हात धरून काहीतरी सांगू बघत होती... नवव्या दिवशी गेली.

त्या सेटला मी वर्षभर हात लावला नाही. मागच्या महिन्यात फर्स्ट शिफ्ट करून आलो, चारच्या सुमारास चहा ठेवला, आणि फडताळावरून खरखर ऐकू आली. सेटला बॅटरी नाही, वायरी मोकळ्या लोंबतायत! आणि मागोमाग —

"अवो... ऐका ना. मला तुमास्नी सांगायचं व्हतं..."

तिचाच आवाज. पुढचं इतकं बारीक की कळेना. स्पीकरच्या जाळीला कान लावला. अगं, जरा मोठ्यानं बोल की! मग मला कुठली अवदसा आठवली — म्हटलं, बॅटरी जोडली की आवाज वाढेल.

नव्वद व्होल्टची बॅटरी आता मिळत नाही. नऊ व्होल्टच्या दहा जोडून मी पॅक करून ठेवतो. मामांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आधी दीड व्होल्टची वायर, व्हॉल्व्हची तार पेटलेली बघायची, मंग नव्वद. वायरींची अदलाबदल झाली का चारी व्हॉल्व्ह जळालेच." वीस वर्षांत कधी चुकलो नव्हतो. त्या दिवशी डोळ्यांत पाणी... नव्वदची वायर दीडच्या जागी लावली आणि बटण फिरवलं.

चारी काचांत लख्ख उजेड झाला. मग काहीच नाही.

तसाच सेट घेऊन दौंड गाठलं. मामांनी मीटर लावला, मान हलवली. "गेले रं चारी. पर बिगर बॅटरीचा बोलला कसा ह्यो?"

मामांनी दुसरे व्हॉल्व्ह बसवून दिले. आता बॅटरी लावली की बातम्या लागतात, भजनं लागतात. बॅटरी काढून मी रोज चारला समोर बसतो. काही येत नाही.

तो बोलला कसा, मला आजही सांगता येणार नाही. आणि खरं सांगू, मला ते नकोच आहे. तिला काय सांगायचं होतं तेवढंच हवं होतं... ते माझ्याच हातानं जाळलं मी.