डाव्या हाताचा तितर

बाभुळगावच्या अलीकडच्या फाट्यावर तो मला एकदाच भेटला. खांद्यावर दुपट्टा, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. त्याची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी यवतमाळच्या दवाखान्यात भरती होती. एसटी आली तरी हा चढेना.

"थांबा जी, तितर बोलू द्या. डावीकडून बोलला का काम फत्ते होते," तो कंडक्टरला म्हणाला.

कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला, तेवढ्यात तुरीच्या वावरातून तितर बोलला. पण उजवीकडून.

शकुनबिकुन मी मानत नाही, तरी माझी नजर त्याच्या डब्याकडे गेली. हा मात्र गर्रकन मागे फिरला. तितर डाव्या हाताला आला. मग एसटीकडे पाठ करून, दांडी धरत, तो एकेक पायरी उलटा चढला. कंडक्टर हसत होता, पण हात त्यानंच दिला.

"असं चालतं?" मी विचारलं.

"पाखराले काय समजते आपलं डावं-उजवं? थे बोललं, आता फिराचं काम आपलं."

परवा लेकीला मुलाखतीसाठी एसटीत बसवायला त्याच फाट्यावर उभा होतो. उजवीकडून तितर बोलला. मी तिला खांद्याला धरून फिरवलं.