माझ्या हाकेला लवणारा डोळा

बाईचा उजवा डोळा लवला की आमच्यात वाईट मानतात. ते डोक्यात बसलेलं होतं, म्हणून माझ्या हातून हे झालं.

नात जन्मापासून बहिरी. चौथ्या वर्षी ऑपरेशन करून तिच्या उजव्या कानात तार बसवली, बाहेर कानामागं मशीन. डॉक्टरांनी बजावलं होतं, "बोलणं यायची हीच वर्षं. मशीन दिवसभर कानावर पाहिजे."

तिची आई, माझी लेक, बदनापूरला शाळेत शिकवायची, पोरगी दिवसभर माझ्याजवळ. माझा आवाज चार वावरं ओलांडून जाणारा. हाक मारली की ती वळायची, अन् तिचा उजवा डोळा फडफडायचा, गाल ओढला जायचा. दुसऱ्या कुणाच्या बोलण्याला न्हाई, फक्त माझ्या.

शेजारीण बघून म्हणली, "आवं काकू, तुमचं बोलणं लेकराचा डोळाच ऐकून राह्यला की." ती हसली. मला हसू आलं न्हाई.

मीठ-मोहरी उतरवली. फरक न्हाई. गप बसणं तर मला जमत न्हाई. मंग लेक शाळेत गेली की मी पोरीचं मशीन काढून डब्यात ठेवायची, लेक यायच्या आधी परत लावायची; तिच्यासमोर पोरीला हाक मारायची न्हाई. दोन महिने असं केलं. कुणाला सांगितलं न्हाई.

पोरगी 'माय', 'पानी' म्हणायला लागल्ती. ते थांबलं. लेक घाबरली, आम्हा दोघींना घेऊन डॉक्टरांकडं गेली. तिथं मी सगळं कबूल केलं.

डॉक्टरांनी कागदावर शंख काढला. "कानात आत असा शंख असतो. त्यात तार, तारेवर बारीक ठिपके. एकेक ठिपका ऐकायच्या शिरेला जागं करतो. चेहऱ्याची शीर शेजारूनच जाते, मधे पातळ हाड. दोन ठिपके त्या शिरेच्या फार जवळ बसलेत. आवाज मोठा झाला की करंट पलीकडं जातो, डोळा लवतो. तेवढे दोन बंद करू. आधी का न्हाई आलात?"

लेकीनं माझ्याकडं बघितलं न्हाई.

कॉम्प्युटरवर दोन ठिपके बंद झाले. "आज्जी, आता बोला. रोजच्यासारखं."

मी हाक मारली. डोळा लवला न्हाई, गाल हलला न्हाई.

पोरगी वळलीबी न्हाई.

"बोलत राहा," डॉक्टर म्हणाले. "दोन महिन्यांत ऐकायची सवय मोडली, आवाज ओळखायला परत शिकावं लागेल." मी बोलत राहिले. ती खिडकीबाहेर बघत होती.