सेफ्टी ट्रेनरच्या खुर्चीत चौथीच्या बाई

“केमिकल प्लांटमध्ये काम केलंय कधी?”

“नाही.”

“दुसऱ्या कुठल्या कारखान्यात?”

“नाही. आजवर चौथीच्या वर्गाला शिकवलं.”

प्लांट हेड देसाई साहेबांनी माझा बायोडेटा उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

आमची मराठी शाळा बंद पडली होती. दुसऱ्या शाळांना माझ्याहून तरुण आणि स्वस्त बाई मिळत होत्या. म्हणून खारघरहून तळोज्याला आले होते, सेफ्टी ट्रेनरच्या जागेसाठी. गॅस गळाला तर काय करायचं हे कामगारांना शिकवतो, तो सेफ्टी ट्रेनर. आधीच्या कंपन्या ‘कळवतो’ म्हणाल्या होत्या. कळवलं कोणीच नाही.

“मॅडम, आमची ट्रेनिंग सिस्टीम वर्ल्ड क्लास आहे,” एचआरची स्नेहल म्हणाली. “गेटवर प्रत्येकाला इंडक्शन व्हिडिओ दाखवतो.”

“मग अडचण काय आहे?”

तिने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, “मागच्या मॉक ड्रिलला भोंगा वाजला आणि अर्धे लोक गॅसच्या दिशेनेच पळाले. नशीब, ती तालीम होती.”

“त्यांना समजलं होतं का?”

“प्रत्येकाला विचारलेलं. सह्या आहेत.”

“आत येताना मीही सही केली. मला विचारा, भोंगा वाजला तर काय करायचं.”

“सांगा.”

“माहीत नाही.”

स्नेहलने डोळे मिटले. साहेब पुढे झुकले. “व्हिडिओ बघितला नाही?”

“पूर्ण बघितला. संगीत छान आहे. वॉचमन म्हणाला, ‘समझा?’ मी म्हणाले, ‘समझा.’ माझा वर्गही हेच करायचा. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो’ ओरडणार. हो म्हटल्याशिवाय सुट्टी होत नाही ना! म्हणून मी ते विचारणंच सोडलं. एकाला शिकवायचं आणि त्याला शेजारच्याला शिकवायला लावायचं. कुठे अडलंय ते लगेच दिसतं.”

“दाखवा करून.”

“आधी तुम्ही मला शिकवा.”

साहेबांनी शिकवलं. छतावरची कापडी पिशवी बघायची. ती फुगून ज्या बाजूला उडते तिकडे वारा, आणि वाऱ्याबरोबर गॅस. तिकडे जायचं नाही. आधी आडवं निघून गॅसच्या वाटेतून बाहेर पडायचं, मग वारा जिकडून येतो त्या बाजूच्या जमायच्या जागी जायचं. मी ते स्नेहलला शिकवलं. स्नेहलने साहेबांना. पहिल्यांदा करून दाखवताना ती थेट वाऱ्याबरोबर गेली.

“अगं, मेलीस की तू!” साहेब ओरडले.

दुसऱ्यांदा वाचली. स्वतःच टाळी वाजवून म्हणाली, “सर, हे व्हिडिओत कळलंच नव्हतं मला!”

साहेबांनी मला विचारलं, “सोमवारी जॉईन व्हाल?”

पुढच्या मॉक ड्रिलला एकही माणूस वाऱ्याबरोबर पळाला नाही. हेड ऑफिसने कंपनीला ढाल दिली. ती स्वीकारताना साहेबांनी सिस्टीमवर बराच वेळ भाषण केलं. मी टाळ्या वाजवल्या. पगार वेळेवर येतो.

नवं क्षेत्र धरणाऱ्यांना एवढंच सांगेन. मुलाखतीआधी कंपनीची वेबसाइट पाठ करू नका, ती त्यांनीही वाचलेली नसते. त्यांचं काय अडलंय ते विचारा. सांगायला ते उतावीळच असतात.