पहिल्या नंबरचा आवाज

गेल्या जयंतीला मी वस्तीसाठी पत्रक लिहिलं : ‘पिढ्यान्‌पिढ्यांचे दहा श्रेष्ठ भीमगीत गायक’. मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांचा मला भयंकर राग होता. कुणाचं गाणं किती लोकांनी पाहिलं, यावरून नंबर! मग ज्यांनी बैलगाडीवर उभं राहून, माईक नसताना गावं जागी केली, त्यांना कुठल्या मोबाइलनं मोजायचं? हे लोकांना पुसून टाकणं आहे, असं मी ठळक टायपात छापलं.

पहिला नंबर कुणाचा, यावर मी क्षणभरही अडले नाही. आमच्या घरी त्या गायिकेची कॅसेट होती. रविवारी सकाळी आई कपडे भिजवायची, बाबा दारात बसून दाढी करायचे आणि टेप लागायचा. तिसऱ्या गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यात एक ओळ अशी काही वर चढायची, की बाबांचा हात गालावरच थांबायचा. ओळ उतरली की वस्तरा पुन्हा चालू. समोरच्या घरातही तीच कॅसेट वाजत असायची, आमच्याहून दोन शब्द मागं. आता तो टेप नाही, आणि समोरचं घर रस्ता रुंद करताना गेलं. मी लिहिलं : ‘या एका ओळीसाठी ही बाई पहिली. मान्य नसेल त्यानं समोर यावं.’

समोर आली फुलंब्रीची आत्या. तरुणपणी ती त्याच गायिकेच्या गायन पार्टीत कोरसला होती. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून कन्नड, अजिंठा अशी गावं करायची. ‘मागं बसून टाळ्या वाजवायचे गं,’ याहून जास्त तिनं कधी सांगितलं नव्हतं. जयंतीच्या आदल्या दिवशी ती एसटीनं आली, चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत पत्रक वाचलं आणि शांतपणे म्हणाली, “ती ओळ माझी हाय.”

रेकॉर्डिंगच्या दिवशी गायिकेचा घसा बसला होता. पार्टीचा कायदाच होता : मुख्य गायिकेचा आवाज फाटला की कोरसनं ओळ उचलायची, आणि नंतर त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. कव्हरवर फोटो एकीचा, नाव एकीचं.

मी ताडकन उठले. म्हटलं, ही चोरी आहे. पत्रक मागं घेते, पहिला नंबर खोडते.

“तिला खाली नको उतरवू,” आत्या म्हणाली. “बसल्या घशानं ती गावोगाव गायलीय, मी बघितलंय. मला वर घे, एवढंच. आन् ते ‘समोर यावं’ काढून टाक. आले ना मी.”

बाबा दारातून ऐकत होते. आपल्याला इतकी वर्षं कसं कळलं नाही, असं काहीतरी पुटपुटले.

“तू कधी आलास ऐकायला? बहीण जीपमधून गात फिरती, याची लाज वाटायची तुला.”

मी पत्रकांचा गठ्ठा पुढं ओढला, पेन काढलं आणि विचारलं, आडनाव कुठलं लिहू, माहेरचं की सासरचं?

आत्यानं बाबांकडं एकदा पाहिलं. “कुठलंच नको. नुसतं माझं नाव लिही.”

पहिल्या नंबरावर, छापील नावाशेजारी, मी ते लिहीत गेले. थोड्या वेळानं बाबाही अर्धा गठ्ठा घेऊन बसले. त्यांचं अक्षर गिचमिड. एक पत्रक आत्यानं त्यांच्या हातात परत दिलं. “हे वाचता येत नाय. नीट लिही.”

त्यांनी नवीन घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं काढलं.