नाव घातलेली कार्डं

"खोडरबर टेबलावर!"

वर्गात पाय ठेवल्या ठेवल्या आमच्या चित्रकलेच्या बाई हे ओरडत. मुलं रांगेने येऊन टेबलावर खोडरबरांचा ढीग करत. एखाद्याची रेघ वाकडी गेली आणि तो रडवेला झाला, की बाई त्याच्यावरच खेकसत, "गेली वाकडी! आता तिचं काय करायचं ते बघ. रडतोस काय?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती प्रेमसुद्धा रागावूनच करतात. लालबागच्या आमच्या मराठी शाळेत मी मराठी शिकवायचो आणि आठ वर्षं शिक्षकखोलीत बाईंच्या शेजारी बसायचो. त्या आठ वर्षांत बाई पंख्यावर, फळ्यावर, मुख्याध्यापकांवर आणि माझ्या अक्षरावर रागावल्या. डिसेंबर उजाडला की मात्र त्यांचा रागही जरा सणासुदीचा व्हायचा.

त्यांचं लहानपण अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत गेलेलं. शेजारी गोव्याची एक आंटी राहायची. कागद दुमडून, कातरून नाताळची कार्डं करायला तिनेच शिकवलं. बाई अजून तिच्या पद्धतीने नाताळचे गोड कुलकुल तळून डबाभर आणायच्या. "शंकरपाळी म्हणालात तर परत घेईन," असं बजावून डबा पुढे करायच्या.

शाळेत कार्डांची सुरुवात एका मुलीमुळे झाली. चौथीतली एक मुलगी परळच्या हॉस्पिटलात, कॅन्सर झालेल्या लहान मुलांच्या वॉर्डात दाखल होती. बाईंनी तिच्या वर्गाकडून तिच्यासाठी नाताळची कार्डं करून घेतली आणि स्वतः नेऊन दिली. तेव्हा पलीकडच्या खाटेवरच्या मुलीने विचारलं, "माझं नाही आलं?"

पुढच्या वर्षापासून बाई डिसेंबरात वॉर्डातल्या सिस्टरकडून सगळ्या मुलांची नावं लिहून आणायच्या. प्रत्येक नावाचं एक कार्ड. जुन्या लग्नपत्रिकांच्या सोनेरी कागदाच्या चांदण्या, कापसाची दाढी. एकदा कुणीतरी पाठ्यपुस्तकातला बर्फाचा डोंगर काढला, तर बाई कडाडल्या, "बर्फ कधी पाहिलायस? कुठे?" पोरगी म्हणाली, "मासळीबाजारात." "मग तो काढ!" तेव्हापासून आमच्या नाताळच्या बर्फावर बांगडे पहुडलेले असायचे. वॉर्डातली मुलं ते बघून खदखदून हसायची.

मग एका वर्षी मुख्याध्यापकांनी देणगीसाठी एक कंपनी गाठली. तिचं ऑफिस जवळच, गिरणीच्या जागेवर झालेल्या काचेच्या इमारतीत. तिने आम्हाला संगणक दिले आणि नाताळच्या दोन दिवस आधी तिची माणसं लाल टोप्या घेऊन शाळेत आली. मुलांच्या हातात कार्डं देऊन फोटो काढले. मग म्हणाली, कार्डं वॉर्डात आम्हीच पोचवतो.

"मी दरवर्षी स्वतः जाते," बाई म्हणाल्या.

"बाई, या वर्षी त्यांना करू द्या," मुख्याध्यापक म्हणाले. बाईंनी एक्केचाळीस कार्डं मोजून दिली, चोवीस तारखेपर्यंत पोचायला हवीत असं तीनदा सांगितलं.

सत्तावीसला मधल्या सुट्टीत एका विद्यार्थिनीची आई काळी पिशवी घेऊन आली. ती त्याच इमारतीत साफसफाईला होती. "बाई, कचऱ्यात टाकलेली व्हती. माझ्या चेडवाचा चित्र दिसला म्हणून उचललंय. माझा नाव सांगू नका."

बाईंनी पिशवीत हात घातला. एक कार्ड काढलं, त्यावरचा चहाचा डाग पदराने पुसला. मग पिशवी उचलून चालू लागल्या. मुख्याध्यापकांनी मला मागे पिटाळलं. "सर, आवरा त्यांना."

मी आवरणार कसला! कंपनीच्या त्या गार खोलीत मी दाराशी उभा राहिलो. फोटो काढायला आलेला तरुण अधिकारी हसत पुढे आला. "मॅडम, थोडं मिसकम्युनिकेशन झालं. सुट्ट्या होत्या ना. पण फोटो मस्त आलेत! आणि हे तुम्हाला कुणी दिलं?"

"मी काढलं. तुमच्या कचऱ्यातून. वाच."

"काय?"

"नावं आहेत त्यावर. मोठ्याने वाच."

तो वाचू लागला. सहाव्या-सातव्या नावाला त्याचं हसू गेलं. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं उभी राहिली. बाईंनी त्याला थांबू दिलं नाही. शेवटचं नाव वाचून झाल्यावर त्याच्या हातातलं कार्ड घेतलं आणि म्हणाल्या, "तुला फोटो हवे होते, तर कोऱ्या कागदांचे काढायचेस."

तिथून आम्ही थेट हॉस्पिटलात गेलो. चुरगळलेली कार्डं बाईंनी वाटेत रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून तळहाताने सपाट केली. वॉर्डात एकेका खाटेपाशी जाऊन नाव घेऊन दिली. एका मुलीने विचारलं, "नाताळ संपला ना?"

"हो. आम्ही उशिरा आलो. चूक आमची आहे," बाई म्हणाल्या.

एक कार्ड उरलं. सुहानीचं. खिडकीजवळच्या खाटेवर नवी चादर होती.

"काल पहाटे गेली," सिस्टर म्हणाली. "दरवर्षी कार्डं येतात हे तिला बाकीच्यांनी सांगितलं होतं. पंचवीसला दोनदा विचारलं तिने."

बाईंनी मान हलवली. बाहेर फाटकाशी आल्यावर मला म्हणाल्या, "सर, मला रडू येत नाहीये. मला कुणालातरी मारावंसं वाटतंय." मी पाणी आणतो म्हणालो.

कंपनीची तक्रार दोन दिवसांत आली. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. बाईंच्या नावाने माफीपत्र लिहायचं, माझी भाषा चांगली म्हणून मीच. मी लिहिलं. 'भावनेच्या भरात', 'अनवधानाने', 'दिलगीर आहे', सगळे शब्द जागच्या जागी बसवले. आज तो कागद आठवला की माझा मलाच संताप येतो.

बाईंनी तो शांतपणे वाचला. आठ वर्षांत त्या माझ्याशी इतक्या शांतपणे कधी बोलल्या नव्हत्या. "अक्षर सुधारलंय तुमचं," म्हणाल्या. "पण सही मी करणार नाही. ज्यांनी माफी मागायला हवी त्यांनी अजून मागितलेली नाही."

बाईंची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची. पुढे ती झालीच नाही. कारण कुणी लिहून दिलं नाही, आम्हीही कुणी विचारलं नाही. शिक्षकखोलीत सगळे चुकचुकले आणि मग परीक्षेच्या वेळापत्रकाकडे वळले. मीही वळलो.

शेवटच्या दिवशी बाई कपाट रिकामं करत होत्या, तेव्हा मी वर दुसऱ्या मजल्यावर होतो. खिडकीतून दिसलं, त्या पटांगणातून निघाल्या. काखेत कागदांची गुंडाळी, दोन्ही हातांत पिशव्या. फाटकाशी एक पिशवी फाटली आणि रंगांच्या बाटल्या जमिनीवर घरंगळल्या. बाई खाली बसून एकेक गोळा करू लागल्या. शिपाई आत फोनवर बोलत होता. बराच वेळ लागला त्यांना.

मी खाली गेलो नाही. तो माझा मोकळा तास होता.