गुरुवारचा डबा

नवऱ्याने बायकोला मारलं, कोर्टाने नवऱ्याच्या घोट्याला पट्टा बांधला, आणि आमच्या अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळींनी नवऱ्याला डबे सुरू केले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आता सांगते तेव्हा लोकांना वाटतं, मी तिखटमीठ लावून सांगतेय. काही गरजच नाही हो.

पट्टा म्हणजे पायात एक काळी डबी, आणि घरच्या फोनला जोडलेलं एक मशीन. हा बाबा ऑफिसची वेळ सोडून घराबाहेर पडला, की मशीन लगेच चुगली करणार. त्यामुळे इंडियन ग्रोसरी बंद, मंडळाचे कार्यक्रम बंद. बायकोच्या आसपास फिरकायचं तर नावच नको. बायको म्हणजे माझी मैत्रीण. ती तेव्हा माझ्याकडे राहत होती, उजवा हात प्लास्टरमध्ये. तिला बघायला कोण आलं? काळं कुत्रं नाही. नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडायचं म्हणाले, आणि सगळे उठून गेले नवऱ्याकडे.

तेही कसे, तर आजाऱ्याला बघायला जातात तसे, फळं घेऊन. एका काकांनी पट्ट्याखाली खोबरेल लावायला सांगितलं, कातडी सोलवटू नये म्हणून. कोणाच्या तरी पोराने, "कूल! पण यांनी केलं काय?" असं इंग्लिशमध्ये विचारलं, तर त्याची आई म्हणाली, काकांचा पाय मुरगळलाय. आणि याला साधा कुकर लावता येत नाही हे कळल्यावर तर बायकांचा जीव तुटला. मंडळाच्या एका काकूंनी घराघरांत वार वाटून दिले.

माझं डोकं फिरलं होतं. पण खरी धास्ती वेगळीच होती. पुढच्या आठवड्यात कोर्टात तारीख होती. पट्टा ठेवायचा की काढायचा, हे तिथे ठरणार होतं, आणि जज तिलाही विचारणार होते. पट्टा निघाला असता तर माझ्या दारात यायला त्याला कितीसा वेळ लागणार? आणि मैत्रीण डळमळायला लागली होती. सगळेच त्याच्या बाजूने आहेत, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असेल यार, असं चहा पिता पिता म्हणायची. मला रडू यायचं.

त्यात रविवारी काकूंचा फोन आला. गुरुवार रिकामा होता. मला वाटलं माझ्या गळ्यात घालतायत, पण त्यांना हवी होती ती. मी स्पीकर ऑन केला. काकू अगदी मायेने बोलत होत्या. त्याला म्हणे हिच्याच हातची आमटी आवडते. डाव्या हाताने हळूहळू होईल. आणि बायकोच डबा पाठवते म्हटल्यावर जजसाहेबही पट्टा काढायला सांगतील.

मैत्रिणीने प्लास्टरकडे बघितलं.

"काकू, तीन वर्षं मीच देत होते त्याला डबा," ती म्हणाली. "आमटीत मीठ कमी पडलं, म्हणून हा हात मोडला. बाकीच्यांना तेवढं सांगून ठेवा."

मला वाटलं, चला, आता तरी लाज वाटेल. मग काकूंनी दबक्या आवाजात विचारलं, "मग मीठ नेमकं किती लागतं गं त्याला? उद्या माझा वार आहे."

मैत्रीण हसायलाच लागली. हसता हसता रडली, रडता रडता पुन्हा हसली. फोन मीच ठेवला.

सोमवारी काकू स्वतः गेल्याच नाहीत. काकांना पाठवलं. डबा दाराबाहेर ठेवा, बेल वाजवा आणि तिथे उभे राहू नका, असं बजावून. काकांनीच मला सांगितलं, गाडी बंदसुद्धा केली नव्हती म्हणे. मंगळवारपासून सगळ्याच घरांना कामं निघाली, आणि गुरुवार यायच्या आत डबे थांबले. हे सगळं मी मैत्रिणीला सांगितलं. या वेळी ती हसली नाही.

कोर्टात जजनी तिला विचारलं, तुम्हाला याची भीती वाटते का?

"हो," ती म्हणाली. "आणि आमच्या काकूंनाही वाटते."

पट्टा राहिला.