कान तुटलेला कप

पानीकाका कुणाच्या घरी चहा प्यायचे नाहीत. पोलीस दारात आला की आमच्या बिल्डिंगमधल्या बायका घाबरून आधी चहाच टाकायच्या, पण हे हवालदार हात वर करायचे, "चहा नको पोरी, पानी दे. अर्धाच ग्लास. टँकरचं हाय ना?" ते अर्नाळ्याचे, पाण्याला पानीच म्हणायचे, म्हणून त्यांचं नाव पानीकाका पडलं. ग्लासात थेंब ठेवायचे नाहीत. नालासोपाऱ्यात पाण्याचे काय हाल होते ते आम्हालाच माहीत, त्यामुळे एवढ्यावरूनच माणूस बरा वाटायचा.

तेव्हा आमच्याकडे दुपारच्या वेळी बायका मरत होत्या. नवरे सकाळी मुंबईला कामाला गेले की घरात बाई एकटी, आणि संध्याकाळी नवरा येऊन बघतो तर दार नुसतं लोटलेलं, ती स्वयंपाकघरात पडलेली, गळ्याला तिचाच पदर आवळलेला आणि मंगळसूत्र नाही. दोघी गेल्या. पहिलीच्या नवऱ्याला काकांच्या ठाण्यातल्या साहेबांनी आत टाकून मार मार मारलं. दुसरी गेली तेव्हा तो आतच होता, मग सोडला. दार तोडलेलं नाही म्हणजे कोणी ओळखीचाच, असं साहेब म्हणायचे. आम्हीही नळावर तेच बोलायचो, त्यांचंच काहीतरी लफडं असणार. देवा, काय काय बोललो आम्ही त्या बायकांना.

पानीकाका मात्र घरोघर पाणी पीत फिरायचे. बाई पाणी आणायला आत गेली की मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचे आणि मोरीकडे बघत उभे राहायचे. समोरच्या आजी एकदा फणकारल्या, "मेल्याला लोकांची खरकटी भांडी बघायची हौस!" काका म्हणाले, "आजी, मानसं लपवतात. मोरी लपवत नाय."

त्याचं कारण मला मागाहून कळलं. त्या दोन्ही घरांत मोरीत चहाचा एकच कप पडलेला होता, एकीकडे टवका उडालेला, दुसरीकडे तडा गेलेला. काका साहेबांना म्हणाले होते, "ओळखीच्याला फुटका कप कोन देतं? हा कामाला आलेला मानूस हाय." पाहुण्याला बशीसकट चांगला कप आणि कामाला आलेल्याला फुटका, हे आम्हा सगळ्या बायकांना माहीत. साहेबांनी घरात कधी कुणाला चहा दिलाच नसेल, त्यांना कुठून कळणार.

तसा कप माझ्याकडेही होता, कान तुटलेला. मोरीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला. काकांनी पहिल्याच दिवशी बघितला.

"हा कोनाचा?"

"कामवालीचा," मी म्हटलं.

एका खोलीचं घर, कडेवर आठ महिन्यांची पोर, आणि म्हणे कामवाली! ते पाणी प्यायले, ग्लास स्वतः विसळला आणि गेले.

खरं सांगायचं तर तो माणूस माझ्याकडे येऊन गेला होता. आदल्याच आठवड्यात. गॅसची शेगडी दुरुस्त करतो म्हणाला, माझा बर्नर काजळी धरायचा, मी दार उघडलं, त्याच कपात चहासुद्धा दिला. चहा संपवून त्यानं विचारलं, "भाभी, भाईसाब कितने बजे आते हैं?" आणि माझ्या गळ्याकडे बघत बघत कडी लावायला उठला. तेवढ्यात मासेवाली मावशी दारात टोपली टेकवून ओरडली, "गो सूनबाई, बोंबील घे, ताजं हायत!" तो पिशवी उचलून तिच्या अंगावरून निघून गेला. मी बोंबील घेतले, साफ केले, तळले, पोरीला छातीशी धरून बसले, आणि नवरा आल्यावर त्याला काही म्हणजे काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो आधी हेच म्हणाला असता, परका पुरुष घरात घेतलासच कशाला? पोरीसकट गावाला धाडलं असतं मला. आणि त्या माणसाला माझं दार माहीत होतं.

काका मग रोजच येऊ लागले. पाणी मागायचे, टोपी काढून पोरीच्या हातात द्यायचे, ती टोपीचा पट्टा चावायची. "हिला दात येतायत, गाजर दे चावायला. सरकारी टोपी नको." कपाबद्दल अक्षर नाही. माझ्या अगदी तोंडापर्यंत यायचं आणि मी पोरीला पाजायला घ्यायचे.

सहाव्या दिवशी मागच्या बिल्डिंगमधली बाई तशीच गेली. आदल्या संध्याकाळी माझ्याकडून विरजण घेऊन गेली होती. तिच्या ओट्यावर ते दही लागलेलं तसंच होतं म्हणे.

त्या दिवशी काकांनी पाणी मागितलंच नाही. मीच कप उचलून त्यांच्या हातात ठेवला आणि सगळं सांगितलं, रडत, उलटसुलट, परत पहिल्यापासून.

तो बर्नरचं सामान कुठूनतरी घेणारच, म्हणून काकांनी मला माणिकपूरच्या एका दुकानात बसवलं, मांडीवर पोर, गिऱ्हाइकासारखी. माझ्या नवऱ्याला ते एवढंच म्हणाले, "त्याच्या हातून जिती सुटलेली ही एकटीच बाई हाय. आवाज चढवू नकोस हिच्यावर." नवरा पांढराफटक पडला, पण गावाला नाही धाडलं. काका साध्या शर्टात गल्ल्यामागे बसायचे. मला बजावलेलं, "तो आला तर ओरडू नको. फक्त माझ्याकडं पानी माग."

पाचव्या दिवशी तो आला. वायसर मागितले. माझ्या पोरीला बघून हसला. मी पोरीचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि म्हटलं, "काका, पानी." पन्नाशी उलटलेला माणूस, पण काउंटर ओलांडून त्याच्या अंगावर पडला. त्याच्या खोलीत तीन मंगळसूत्रं मिळाली.

पुढे काकांची डहाणूकडे बदली झाली. निघताना आले, पाणी मागितलं. मी ग्लास दिला आणि इतके महिने गिळलेलं विचारलं, "काका, मी आधी सांगितलं असतं तर ती वाचली असती ना?"

ते नाही म्हणतील असं वाटलं होतं. सगळे नाहीच म्हणायचे.

"वाचली असती," ते म्हणाले. मग टोपी हातात फिरवत बसले. "पन कप मी पहिल्या दिवशीच बघितलेला. वाटलं, पोरगी घाबरलीय, दमानं घ्यावं, आपनहून बोलेल. मी पन विचारलं नाय ना. तू एकटीनं घेऊ नको ते."

ते उठले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना उतरून गेले. परत कधी दिसले नाहीत. पोर आता बालवाडीत जाते. मी अजूनही जाळीचं दार उघडत नाही, कुणी पाणी मागितलं तर जाळीतूनच देते.

काका निरोप घेऊन गेले त्या दिवशी ग्लास उचलायला गेले तर निम्मं पाणी तसंच उरलं होतं. ज्यांनी टँकरचा थेंब कधी टाकला नाही त्यांनी ठेवलेलं. उष्टं पाणी मोरीत ओततात. मी ते ओतलं नाही. उभ्या उभ्याच पिऊन टाकलं.